जुन्या विनोदी चित्रपटांची जपणूक

श्रोतेहो, व्याख्यानांचे परिणाम कधी कधी विपरीत होतात! अत्र्यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) औदुंबर एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याचा पण करतो, पुढे एक तरुणी भेटते आणि पणाची त्रेधा उडते. ढोंगाला हसायला विद्वत्ता लागत नाही, म्हणून असा विनोद श्रमिकालाही आपला वाटतो.

फ्रान्समध्ये मॅक्स लिंडरने तो पहिल्या महायुद्धापूर्वीच पडद्यावर आणला. रेशमी टोपी घातलेला हा ऐटबाज गृहस्थ नेमका अडचणीत सापडे. चॅप्लिन स्वतःला त्याचा शिष्य म्हणवी. १९२५ साली लिंडर पतिपत्नी वारली, तेव्हा त्यांची मुलगी तान्ही होती. मोठेपणी तिने बापाच्या फिती हुडकल्या आणि १९६३ साली त्यांतून एक चित्रपट सिद्ध केला. तिला बाप भेटला तो असा, पडद्यावर!

जुनी नायट्रेटची फीत चटकन पेटते, कालांतराने तिचा भुगाही होतो. कित्येक फिती तर चांदी काढण्यासाठीच नष्ट झाल्या. आम्ही धानोऱ्याकडची माणसे तेंदूपत्त्याच्या फळीवर हेच शिकलो : पुडे वेळीच वाळवले नाहीत, तर साऱ्या मोसमाची मेहनत वाया जाते. चित्रपटांची अशीच राखण करण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले.

पण राखण एकट्या सरकारची नव्हे. घरच्या पेटीत जुन्या चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका, जाहिरात वा फीत सापडली, तर ती रद्दीत घालू नका. कुणाचे तरी हसू तिच्यात शिल्लक असेल.