जुनी मोटार व तिचा धूर

जुन्या वस्तूंविषयीं बहुतेकांच्या मनांत एक जिव्हाळा असतो. आजोबांचें भिंतीवरचें घड्याळ, आजीची तांब्याची घागर, वडिलांची सायकल यांस बाजारांत मोल येत नाहीं, तरी त्या वस्तू टाकवत नाहींत. आमचेंहि असेंच झालें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं एक जुनी, लहान मोटार विकत घेतली. ती १९९६ सालीं मुंबईस प्रथम नोंदली गेली होती. आम्ही शाळेंत होतों त्या काळीं असल्या मोटारी नवलाच्या असत, आणि त्यांतली एक आपल्या दारांत असावी ही इच्छा तेव्हांपासून मनांत होती. रंग उत्तम, बैठका स्वच्छ, इंजिनाचा आवाज ठीक, आणि विकणाऱ्याच्या हातांत प्रदूषण नियंत्रणाचें, म्हणजे पीयूसीचें, मुदतींतलें प्रमाणपत्र. याहून अधिक काय पाहावयाचें, असें आम्हांस वाटलें.

सुटी संपल्यावर पहिल्याच दिवशीं आम्ही ही मोटार घेऊन शाळेंत आलों. फाटकाशीं मुलांची गर्दी होती, म्हणून इंजिन चालू ठेवून वाट पाहात थांबलों. मुलें कौतुकानें भोंवतीं जमलीं. इतक्यांत सातवीच्या वर्गांतील एक मुलगा मोटारीच्या मागच्या बाजूस खोकूं लागला, व खोकत खोकत भिंतीपाशीं जाऊन बसला. त्यास दम्याचा त्रास आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. पुढें बसलेल्या आम्हांस कसलाहि वास आला नव्हता; उतरून मागें गेलों तेव्हां डोळे चुरचुरले. आपल्या मोटारीचा धूर आपणांस लागत नाहीं, तो मागच्यास लागतो, हें साधें सत्य आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

दुसऱ्या दिवशीं क्वार्टर गेटाजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे मोटार नेली. त्यांनीं पुढचें झांकण उघडून आंतील रबरी नळ्यांच्या जाळ्याकडे बोट दाखविलें व म्हटलें, "मास्तर, हें जाळें काढून टाकूं. जागोजागीं फुटलें आहे. हीं सगळीं सरकारी सोंगें. इंजिनास त्यांचा उपयोग नाहीं. काढलीं म्हणजे गाडी मोकळी पळेल." मग खालीं वांकून त्यांनीं धुराच्या नळीवरील एका पेटीवर हलकेच ठोकलें. आवाज पोकळ आला. "हा कन्व्हर्टर तर रिकामाच आहे. कोणी तरी आधींच याचें पोट साफ केलें आहे."

आम्हीं विचार करण्यास आठ दिवसांची मुदत मागितली. जी वस्तु आपणांस समजली नाहीं ती कापून टाकणें शिक्षकाच्या पेशास शोभणारें नव्हे. त्या आठ दिवसांत जें वाचलें व पाहिलें, तें विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों.

पेट्रोल हें मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचें बनलेलें असतें. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. तितकी हवा नीट मिसळली तर कार्बन डायऑक्साईड व पाण्याची वाफ उत्पन्न होते. हवा कमी पडली कीं ज्वलन अर्धवट होतें व कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु निर्माण होतो. यास रंग नाहीं, गंध नाहीं. परंतु रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. कांहीं पेट्रोल न जळतांच बाहेर पडतें, तोच तो डोळ्यांस झोंबणारा वास. शिवाय इंजिनांतील प्रखर उष्णतेंत हवेंतील नायट्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होऊन नायट्रोजनचीं ऑक्साईडें बनतात, तीं फुप्फुसांस अपायकारक आहेत.

या तीन शत्रूंस आवरण्यासाठीं जीं साधनें मोटारींत बसविलेलीं असतात, त्यांतील तीन मुख्य होत. पहिलें साधन म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या कड्यांमधून थोडा वायु खालच्या तेलाच्या भागांत निसटतो. पूर्वीच्या मोटारींत तो एका नळीनें सरळ रस्त्यावर सोडून देत असत. हा व्हॉल्व्ह तोच वायु पुन्हां इंजिनांत ओढून जाळतो, व त्यायोगें तेलहि लवकर बिघडत नाहीं. दुसरें साधन म्हणजे कोळशाचा डबा. टांकींतील व कार्ब्युरेटरांतील पेट्रोलाची वाफ उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींतूनहि उडत असते. डब्यांतील कोळसा ती वाफ धरून ठेवतो, व इंजिन चालूं लागलें म्हणजे ती ओढली जाऊन जळते. वाफ हवेंत गेली नाहीं म्हणजे पैसाहि हवेंत गेला नाहीं.

तिसरें व सर्वांत मोलाचें साधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हें होय. मधमाशांच्या पोळ्यासारखीं बारीक छिद्रें असलेली चिनी मातीसारखी एक वीट पोलादी पेटींत बसविलेली असते, व तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. ही पेटी सुमारें अडीचशें ते तीनशें अंश सेल्सिअस इतकी तापली कीं धुरांतील कार्बन मोनॉक्साईड व न जळलेलें पेट्रोल तिच्या पृष्ठभागावर प्राणवायूशीं संयोग पावून बरेचसें निरुपद्रवी होतें. लेपांतील धातु स्वतः खर्च होत नाहींत. रसायनशास्त्रांत यासच उत्प्रेरक म्हणतात. मात्र हे धातु मौल्यवान असल्यामुळें कांहीं लोक हें पोळें काढून विकतात व रिकामी पेटी जागच्या जागीं ठेवतात. आमच्या मोटारीचें तेंच झालें होतें.

हीं साधनें कोणा सरकारच्या लहरीनें आलीं काय? अमेरिकेंतील लॉस अँजेलिस हें शहर डोंगरांनीं वेढलेलें आहे. १९४० नंतरच्या दशकांत तेथें डोळ्यांतून पाणी काढणारें धुकें पडूं लागलें. हॉलंडांत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनीं १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत दाखवून दिलें कीं, मोटारींचा धूर व सूर्यप्रकाश यांच्या संयोगानें हें धुकें बनतें. त्याच सुमारास यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्यानें मोटारीसाठीं कन्व्हर्टर तयार केला. परंतु पेट्रोलांत त्या काळीं शिशाचें संयुग मिसळीत, आणि शिशाचा थर बसला कीं उत्प्रेरक निकामी होई. म्हणून शिसें गेल्यावांचून कन्व्हर्टरास वाव नव्हता. अमेरिकन मोटारींत तो सर्रास येण्यास १९७५ साल उजाडलें.

आपल्या देशांतहि हीच वाट चालावी लागली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालीं झाले. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस कन्व्हर्टर सक्तीचा झाला व तेथें शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. देशभर शिसें बंद होण्यास १ फेब्रुवारी २००० ही तारीख यावी लागली. लहान मुलांच्या मेंदूस शिशानें होणारी इजा भरून येत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या तारखेचें महत्त्व कळेल. पुढें २०१० सालीं भारत स्टेज ४ चे नियम ज्या तेरा शहरांत प्रथम आले त्यांत आपलें पुणें व सोलापूर हीं होतीं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ सर्व देशांत लागू झाला. अशा नियमांच्या कसोटीस वाहनें उतरतात कीं नाहीं हें तपासणारी एक प्रमुख संस्था, १९६६ सालीं स्थापन झालेली एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, हें पुणेकर विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. आठ दिवसांनीं आम्हीं मिस्त्रींस सांगितलें कीं, कांहीं काढावयाचें नाहीं. जें फुटलें असेल तें बदलावयाचें. ते हंसले, पण त्यांनीं काम मनापासून केलें. प्रथम आम्हीं प्रत्येक नळीस चिठ्ठी बांधली व कागदावर आकृति काढली. कारण एकदां नळ्या सुटल्या म्हणजे कोणती कोठली हें सांगतां येत नाहीं. रबर वाळून चिरलें होतें. त्या चिरांतून नको तेथें हवा आंत शिरे व इंजिन धडधडत असे. नाना पेठेंतील दुकानांतून मापाच्या नळ्या आणून त्या बदलल्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशीं हलविला. आंतील गोटी वाजली नाहीं, म्हणजे तो तेलाच्या चिकट्यानें अडकला होता. तो बदलला. हवेची चाळणी व स्पार्क प्लग नवे घातले, आणि सर्वांच्या शेवटीं कार्ब्युरेटर साफ करून बसविला.

मग पीयूसी केंद्रावर जाऊन यथाविधि तपासणी करविली. भारत स्टेज २ च्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारींस, इंजिन जागच्या जागीं मंद चालत असतांना, कार्बन मोनॉक्साईड ३ टक्के व हायड्रोकार्बन दहा लक्ष भागांत १,५०० भाग इतकी सूट आहे. भारत स्टेज २ च्या मोटारींस हीच मर्यादा ०.५ टक्के व ७५० भाग अशी आहे. आमची मोटार आपल्या मर्यादेंत सहज बसली. नवें प्रमाणपत्र हातीं आलें, आणि कन्व्हर्टराची पेटी अजून रिकामीच होती!

मिस्त्री म्हणाले, "आतां काय अडलें, मास्तर? कागद मिळाला. इतका पैसा कशाला घालतां?" खरें सांगावयाचें तर आमचेंहि मन डळमळलें. नव्या कन्व्हर्टराची किंमत आमच्यासारख्यास जड होती. कायद्याच्या अधिकाऱ्यानें विचारलें असतें तर दाखविण्यास कागद होता. परंतु तो कागद भिंतीपाशीं बसलेल्या मुलास दाखवून त्याचा खोकला थांबणार नव्हता. परीक्षेंत उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण पुरतात; म्हणून पस्तीस गुणांपुरतेंच शिकावें, असें आम्ही वर्गांत कधीं सांगत नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें आहे कीं, कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मोटारींत करूं नये. म्हणजे रिकामी पेटी ही केवळ काटकसर नसून लबाडी होती. ती दुसऱ्यानें केली असली तरी जाणूनबुजून पुढें चालविणारे आम्हीच ठरलों असतों. शेवटीं घरीं विचारविनिमय करून उन्हाळ्याच्या सुटींतील प्रवास रहित केला व त्या पैशांतून कन्व्हर्टर घेतला. तपासणीच्या यंत्रावरील आंकडे त्यानंतर आणखी पुष्कळ खालीं आले.

जे पालक जुनी मोटार घेऊं इच्छितात, त्यांच्यासाठीं चार सूचना करितों. विकत घेण्यापूर्वीं मोटार आपल्या समक्ष तपासून घ्यावी. विकणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विसंबूं नये. कन्व्हर्टराच्या पेटीवर रबरी हातोडीनें हलकेच ठोकून पाहावें. खुळखुळली तर आंतील पोळें फुटलें आहे. नवा कन्व्हर्टर बसविण्याआधीं इंजिनाचें ज्वलन सुधारावें. नाहीं तर न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन पेटतें व पोळें वितळून जातें. कन्व्हर्टर फार तापत असल्यामुळें वाळल्या गवतावर मोटार उभी करूं नये.

कोणी विचारील कीं, साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या मोटारींत हीं साधनें मुळींच नव्हतीं, त्यांचें काय करावें? ज्या मोटारीस जें मुळांत नव्हतें तें तिच्यावर लादण्याचें कारण नाहीं. ती मूळ रूपांत राखून इंजिन नीट ठेवावें व बेताबेतानें चालवावी. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांत राखलेल्या वाहनांसाठीं २०२१ सालीं निराळ्या नोंदणीचा नियम झाला आहे. तशी नोंदणी केलेलें वाहन प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कामांपुरतेंच रस्त्यावर आणतां येतें. नित्याच्या येण्याजाण्यास नव्हे. आमच्या मोटारीसारखी, रोज चालणारी व मूळचींच साधनें असलेली मोटार मात्र पूर्णपणें दुरुस्त असलीच पाहिजे.

आतां आमची मोटार फाटकाबाहेर थांबते व थांबतांच इंजिन बंद होतें. तो सातवींतील मुलगा परवां मागच्या बाजूस उभा राहून म्हणाला, "सर, आज वास येत नाहीं." विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं पुष्कळजण उद्यां वाहनें चालवाल. चालविणारा नेहमीं पुढें पाहतो, आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्यामागें काय सोडून जात आहों, हें अधूनमधून खालीं उतरून पाहण्याची संवय आतांपासून लावून घ्या.