वारसांची पहिली यादी (लेखमाला ‘मागे राहिलेल्यांचे कागद’ : लेखांक 5)

मृत्युपत्र खरे आहे यावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट, हे मागच्या लेखांकात पाहिले. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या बांध्यांसाठी ती लागते का? सहसा नाही. प्रोबेटची सक्ती मुख्यतः मुंबई, कोलकाता आणि चेन्नईशी बांधलेली होती. विदर्भातल्या हिंदू कुटुंबांना ती लागू व्हायची ती मुंबईत फ्लॅट घेतलेला असेल किंवा मृत्युपत्र तिथे झालेले असेल तरच. 2025च्या डिसेंबरात संसदेने सक्तीचे ते कलमही वगळले. शिवाय आपल्या खेड्यापाड्यांत मृत्युपत्र करून ठेवणारी माणसे मुळात थोडी. तेव्हा न्यायालयाच्या पायरीची धास्ती घेण्याआधी वेगळ्याच कागदाकडे लक्ष द्यायला हवे. वारसांची जी यादी पटवाऱ्याकडे पहिल्यांदा जाते, तिच्यात कोणाची नावे आहेत आणि कोणाची गळली आहेत, यावरच पुढचे बहुतेक सगळे ठरते.

जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत पटवाऱ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला जोडायचा आणि प्रतिज्ञापत्रावर प्रत्येक वारसाचे नाव, वय, नाते, पत्ता लिहायचा. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये, नोंद होते, फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एवढ्या सरळ कामात मेख असते ती ‘वारस’ या रकान्यात. 1956च्या हिंदू वारसा कायद्याने पुरुषाच्या मागे त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. पण मुली ‘दिल्या घरी’ म्हणून वगळल्या जातात आणि आईची तर आठवणही होत नाही. कधी नाव वगळत नाहीत, फक्त ते भोगवटादाराच्या रकान्याऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात जाते. सातबारा हातात घेतला की नाव दिसते, बहिणीचे समाधान होते; पण पीककर्जासाठी आणि भूसंपादनाच्या नोटिशीसाठी पाहिला जातो तो भोगवटादाराचा रकाना. ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले, तरी परिणाम तोच. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने मयतांची नावे काढून वारस लावण्याचे काम हाती घेतले, हे चांगलेच झाले. मात्र मोहीम जितकी घाईची, तितकी यादी तपासून घेण्याची जबाबदारी घरच्यांवर जास्त.

यावर वकिली आक्षेप असा की फेरफार हा मालकीचा पुरावाच नसतो, मग एवढा आटापिटा कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध बरोबर आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये पुन्हा बजावले आहे. पण त्याच संहितेचे कलम 157 सांगते की उलट सिद्ध होईपर्यंत प्रमाणित नोंद खरी मानायची. म्हणजे वगळलेल्या बहिणीलाच दिवाणी दाव्यात जाऊन ती खोटी ठरवावी लागते, तेही तालुक्याच्या गावी तारखा करत. कोळसा खाणींसाठी जमीन गेली, तर मोबदला वाटताना आधी सातबारा उघडतात. आणि पैसे एकदा वाटले गेले की दावा जिंकूनही हाती काय लागणार? दुसरी तक्रार घरातली असते : सगळ्यांची नावे लावली तर जमिनीचे तुकडे होतील. नाव लावणे आणि वाटणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाते सामाईक ठेवता येते, कसणारा एकच भाऊ राहू शकतो. बहिणीला हिस्सा सोडायचाच असेल, तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून, समजून-उमजून सोडावा. तिच्या गैरहजेरीत गाळलेले नाव म्हणजे तिची संमती, असे मानता येत नाही.

आदिवासी कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे. हिंदू वारसा कायद्याचे कलम 2(2) तो कायदा अनुसूचित जमातींना लावत नाही. केंद्राने अधिसूचना काढली तरच तो लागू होतो. मग गोंड-माडिया घरांत रूढी चालते आणि रूढीचा अर्थ बहुतेक वेळा पुरुषच सांगतात. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात 17 जुलै 2025ला सर्वोच्च न्यायालयाने हा पेच बऱ्याच अंशी सोडवला. खालच्या न्यायालयांनी बायकांना वारसा मिळण्याची रूढी दाखवा असे म्हटले होते. वरच्या न्यायालयाने पुराव्याचे ओझे फिरवले. वगळण्याची रूढी सिद्ध झाली नसेल तर स्त्रीला वगळता येणार नाही. आधार दोन : राज्यघटनेतली समता, आणि 1875च्या मध्य प्रांत कायद्यातले न्याय-नीती-सदसद्विवेकाचे तत्त्व. त्या मध्य प्रांतात आपला जुना चांदा जिल्हाही होता, त्यामुळे हा निकाल इथे परका नाही. न्यायालये आमच्या रूढी मोडतात, ही तक्रार मी हलकी मानत नाही. हिंदू कायदाच आदिवासींवर सरसकट लादणे सर्वोच्च न्यायालयालाही मान्य नाही, हे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलच्या प्रकरणात दिसले. पण मुलीला काही मिळत नाही ही रूढी आहे की नुसती वहिवाटीची सोय, हे ठरवायला ग्रामसभेइतकी योग्य जागा दुसरी नाही. तिथे बायकांनाही बोलू द्यावे आणि ठरेल ते ठरावात लिहावे.

बाकीच्या मालमत्तेला वेगळे कागद लागतात. बँकेत नॉमिनी असेल तर पैसे त्याच्या हाती पडतात, मालकी मात्र वारसांचीच राहते. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये शेअर्सबाबतही हेच म्हटले. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल आणि वादही नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2025च्या निर्देशांप्रमाणे 15 लाखांपर्यंत, सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागायचा नाही. हा दाखला येणी आणि रोख्यांसाठी असतो. जमिनीसाठी त्याच्या मागे लागून वेळ आणि कोर्ट फी घालवू नये. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर वनखात्याची 25 लाखांची मदतही वारसांच्या नावेच येते, म्हणजे यादी तिथेही आडवी येतेच.

राहिला वनहक्काचा पट्टा. 2006च्या कायद्याचे कलम 4(4) सांगते की हा हक्क वारशाने जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. थेट वारस नसेल तर तो जवळच्या नातेवाइकाकडे जातो. दाव्याला चार हेक्टरची मर्यादा आहे, आणि विवाहित असल्यास पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. नवरा वारला, आता पट्टा मुलाच्या एकट्याच्या नावे करून द्या, असा अर्ज आला, तर ग्रामसभेने आधी मूळ पट्ट्यावरची दोन्ही नावे मोठ्याने वाचून घ्यावीत.