ताऱ्याची रेघ का होते?

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते. त्या रात्री नऊच्या सुमारास माहूरच्या दत्तशिखरावरून पूर्वेकडे पाहिले, तर चंद्राच्या आसपासच मृग नक्षत्र दिसते. महिन्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. पण मृगाचे छायाचित्र घेण्यास ही रात्र अगदी वाईट! चांदण्याने सारे आकाशच उजळते आणि अंधुक तारे त्यात बुडून जातात. दोन आठवडे थांबा. अमावास्येच्या सुमारास रात्री अकरा-बारा वाजता मृग चांगले वर आलेले असते.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवलात. आता शटर किती सेकंद उघडे ठेवावयाचे? जितका जास्त वेळ तितके जास्त तारे, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते निम्मेच खरे आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.००००७३ रेडियन. या आकड्याला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणले, की ताऱ्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला किती सरकते ते कळते. ५० मिमीच्या भिंगासाठी हे उत्तर ०.००३६ मिमी येते. क्षुल्लक वाटते ना? परंतु सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ०.००५ मिमीचा असतो! दहा सेकंदांत तारा सात पिक्सेल ओलांडतो आणि ठिपक्याची रेघ होते.

फिल्मच्या काळापासून एक नियम चालत आला आहे: ५०० ला नाभीय अंतराने (मिमीमध्ये) भागा, तितके सेकंद. त्यात प्रतिमा नेहमी ०.०३६ मिमी सरकते. लहानशा छापील फोटोत ते खपून जाई. आज आपण चित्र पडद्यावर मोठे करून पाहतो, म्हणून मी ५०० ऐवजी २०० घ्या असे सांगेन. ५० मिमीसाठी चार सेकंद झाले. मोबाइलला मात्र हा नियम लावू नका. त्याचे नाभीय अंतर पाच-सहा मिमीच असले, तरी पिक्सेलही तसेच बारीक, सुमारे ०.००१ मिमीचे असतात.

सगळे तारे सारख्याच वेगाने सरकत नाहीत. मृगातील बाणाचे तीन तारे आकाशाच्या विषुववृत्ताजवळ आहेत, ते पूर्ण वेगाने सरकतात. सप्तर्षी ध्रुवाजवळ असल्याने त्यांना जवळजवळ दुप्पट वेळ देता येतो. माहूरहून क्षितिजावर सुमारे २० अंश दिसणारा ध्रुवतारा तर हलल्याचे कळतही नाही.

चार सेकंदांत प्रकाश कमी पडतो, हे खरेच. मग चार-चार सेकंदांची १६ चित्रे घ्या आणि तारे जुळवून संगणकावर त्यांची बेरीज करा. ताऱ्याचा प्रकाश १६ पट होतो. चित्रातील अनियमित कणकण मात्र १६ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे चौपटच वाढते.

आता मुद्दाम रेघ काढू. बाणावर कॅमेरा रोखून ३० सेकंद शटर उघडे ठेवा. रेघेची लांबी पिक्सेलमध्ये मोजा, पिक्सेलचा आकार कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतून घ्या आणि पृथ्वीच्या एका फेरीला लागणारा वेळ काढा. तुमचे उत्तर २३ तास ५६ मिनिटांच्या किती जवळ येते?