दुपारचा ढग पकडायचा तर कक्षा कोणती?

मे महिन्यात मुरबाडहून सिद्धगडाकडे पाहिलंत, तर सकाळी कडा स्वच्छ दिसतो आणि दुपार उलटली की माथ्यावर ढग चढू लागतात. समजा, या ढगांभोवतीची आर्द्रता तुम्हाला उपग्रहातून मोजायची आहे. पहिला प्रश्न उपकरणाचा वाटतो. माझ्या मते तो कक्षेचा आहे.

हवामानाचे बरेच उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत, जवळजवळ ध्रुवांवरून फिरतात. एखाद्या ठिकाणी ते रोज ठरलेल्या स्थानिक वेळीच येतात, उदाहरणार्थ सकाळी आणि रात्री साडेदहाला. यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करायला हे उत्तम. पण चार वाजताचा ढग त्यांना दहा वर्षं फिरूनही दिसणार नाही.

इस्रो आणि फ्रान्सच्या सीएनईएस यांनी 12 ऑक्टोबर 2011 ला सोडलेल्या 'मेघा-ट्रॉपिक्स'साठी म्हणूनच वेगळी कक्षा निवडली गेली: उंची सुमारे 867 किमी, विषुववृत्ताशी कल फक्त 20 अंश. कल 20 म्हणजे उपग्रह 20 अंश अक्षांशाच्या वर जातच नाही, तिथून वळतो. वळताना त्याचा मार्ग जवळजवळ पूर्व-पश्चिम होतो, त्यामुळे त्या पट्ट्यावर तो बराच वेळ रेंगाळतो. सिद्धगड आहे साधारण 19.1 अंशांवर, म्हणजे अगदी वळणाखाली! ध्रुवीय उपग्रहाच्या दोन फेऱ्यांऐवजी इथे दिवसाला अनेक फेऱ्या मिळतात.

किंमत? त्यावरचं आर्द्रतामापक 'सफीर' सुमारे 1700 किमी रुंद पट्टा पाहायचं. तरीही काश्मीर कायमचं बाहेर.

आता खरी गोम. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. त्या ओढीनं कक्षेचं प्रतल दिवसाला सुमारे 6 अंश पश्चिमेकडे सरकतं, आणि सूर्य सुमारे 1 अंश पूर्वेकडे. एकूण 7 अंश, म्हणजे फेरीची वेळ रोज साधारण 28 मिनिटांनी अलीकडे येते. चोवीस तासांचं चक्र पुरं व्हायला 51 दिवस लागतात.

यात फायदा आहे, कारण सगळे प्रहर सापडतात. पण तुम्ही जूनची सरासरी जुलैशी ताडून 'आर्द्रता वाढली' असं लिहिलंत, तर मार्गदर्शक विचारतीलच: पाऊस वाढला, की जुलैत फेऱ्याच वेगळ्या वेळी पडल्या? म्हणून डेटा उतरवल्यावर पहिला आलेख आर्द्रतेचा काढू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती नोंदी, एवढाच काढा.