यंत्राची बाहेरची स्मृति

नाशिकमधील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयें पुण्याच्या विद्यापीठाशीं संलग्न आहेत. त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत कित्येक वर्षें एल्‌पीसी २१४८ हा मायक्रोकंट्रोलर शिकविला गेला. त्याच्या पोटांत ४० किलोबाइट रॅम असते. बाहेरची मेमरी जोडण्याची सोय नसते. पुढें तोच विद्यार्थी सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यांत रंगीत पडद्याचें यंत्र करूं लागला, कीं अडचण उभी राहते. ३२० रुंद व २४० उंच ठिपक्यांच्या एका चित्रास, ठिपक्यामागें दोन बाइट धरल्यास, १,५३,६०० बाइट लागतात. त्याच घराण्यांतील एल्‌पीसी २४७८ ची ९८ किलोबाइट रॅमही त्यास अपुरी पडते. परंतु बाहेरच्या मेमरीचा कारभार पाहणारा कंट्रोलर त्यांत असतो.

मेमरी तारांनीं जोडली म्हणजे काम झालें, असें मात्र नाहीं. तिचा स्वभाव कंट्रोलरला आंकड्यांनीं सांगावा लागतो. एसडीरॅममधील प्रत्येक बिट म्हणजे विजेचा अत्यल्प सांठा. आणि तो सतत पाझरत असतो. मातीच्या घड्यांच्या रांगा मांडून पाणक्यानें फेऱ्या घालीत त्या भरत्या ठेवाव्या, तसें हें काम आहे. सामान्यतः ६४ मिलिसेकंदांत सर्व ओळींवरून एक फेरी पूर्ण व्हावी लागते.

आतां हिशेब पाहावा. घड्याळाचे सेकंदास ६ कोटी ठोके असतील, तर एक ठोका सुमारें १६.७ नॅनोसेकंदांचा होतो. एक ओळ मिटल्यावर दुसरी उघडण्यापूर्वीं २० नॅनोसेकंद थांबावयाचें असेल, तर भागाकार १.२ येतो, तेथें पूर्ण २ ठोके धरावे. या कंट्रोलरचें तें रजिस्टर एक अधिक मोजतें, म्हणून त्यांत १ लिहावा. उलट, ४०९६ ओळी ६४ मिलिसेकंदांत ताज्या करावयाच्या, तर दर ओळीस १५.६२५ मायक्रोसेकंद, म्हणजे ९३७.५ ठोके मिळतात. हें अंतर १६ ठोक्यांच्या गटांनीं मोजलें जातें, भागाकार ५८.५९ येतो. येथें ५९ नव्हे, ५८ लिहावे. सारांश, थांबण्याचा काळ वरच्या अंकाकडे न्यावा आणि फेरीचें अंतर खालच्या अंकाकडे.

क्रमही पाळावा लागतो. वीज आल्यावर मेमरीच्या माहितीपत्रांत दिला असेल तितका काळ, बहुधा १०० किंवा २०० मायक्रोसेकंद, थांबावें. मग सर्व ओळी मिटाव्या, कांहीं वेळां ताज्या कराव्या, शेवटीं कार्यपद्धति ठरवावी आणि नंतरच व्यवहार सुरू करावा.

चूक झाल्यास ती लगेच दिसत नाहीं, हाच खरा धोका होय. उष्णतेनें पाझर वाढतो. कारखान्यांत निर्दोष ठरलेलें यंत्र निफाडच्या द्राक्षबागेंत मे महिन्याच्या दुपारीं पाण्याची पाळी विसरेल, आणि दोष मात्र प्रोग्रॅमवर जाईल. वाचन केल्यानेंही ओळ ताजी होते. म्हणून सतत वाचणाऱ्या चाचणींत हा दोष दडून राहतो.

यास्तव चाचणीचा प्रोग्रॅम आंतल्या मेमरींतून चालवावा, बाहेरच्या प्रत्येक घरांत त्या घराचाच पत्ता लिहावा, यंत्र तापलेलें असतां कांहीं काळ त्या मेमरीस स्पर्श करूं नये आणि मग सर्व पत्ते वाचून पाहावे. ओळी अथवा स्तंभ यांची संख्या चुकीची दिली असेल, तर दोन पत्ते एकाच घरांत पडल्याचें त्यांतच उघड होतें. पाझर गांठीत असेल, तर तोही सांपडतो.