मान वाकडी म्हणजे मानमोडीच का?

सातारा-सांगलीकडं परड्यातली कोंबडी मान पिरगाळून बसली, हिरवट हगू लागली, की आजी सांगते: मानमोडी. बहुतेकदा आजी बरोबर असते. हाच राणीखेत रोग. १९२०च्या दशकात उत्तराखंडातल्या राणीखेतवरून हे नाव पडलं. पण तुम्ही संशोधनाला निघालाय, म्हणून जरा थांबा. जीवनसत्त्व ई किंवा बी-१ कमी पडलं तरी मान अशीच वळते.

राणीखेत विषाणूचा, त्यावर औषध नाही. अँटिबायोटिक फार तर मागून येणारे जिवाणू थोपवतं. मग करायचं काय? कोंबडी वेगळी काढा, उबेला ठेवा. वळलेल्या मानेनं चोच पाण्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळं ती तहानेनंही जाते. चोचीच्या कडेनं थेंब थेंब पाणी द्या, भिजवलेल्या कण्या भरवा.

अशातून एखादी वाचते, आणि त्या दिवशी दिलेला लसूण 'औषध' ठरतो! लसूण न दिलेली, पण तेवढीच सेवा झालेली कोंबडी तुलनेला कुठंय?

एकदम बऱ्याच मेल्या तर हात लावू नका, बर्ड फ्लूही असाच दिसू शकतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुना कसा न्यायचा ते तेच सांगतील. साताऱ्यात तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. पुढच्या पिल्लांना मात्र पहिल्याच आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात.