घरच्या संगणकावर दूरदर्शन

आमच्या घरीं माणसें तेरा आणि दूरदर्शनचा संच एकच. सायंकाळीं त्यावर मुलांच्या क्रिकेटचें राज्य. माजघरामागील खोलींत अंथरुणास खिळलेल्या आमच्या वहिनींस मात्र ‘सह्याद्री’च्या मराठी बातम्या हव्या असतात, आणि औषधामुळें त्यांस नेमकी त्याच वेळीं झोप लागते! बातम्या टिपून ठेवील असें कांहीं हवें होतें. तेव्हां पुतण्याच्या जुन्या संगणकाची आठवण झाली.

त्या संगणकावर लिनक्स आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या या प्रणालीचीं सूत्रें कोणीही वाचावीं, सुधारावीं. पाणिनीनेंही आपलीं सूत्रें कुलुपांत ठेवलीं नव्हतीं. आम्हांस ही रीत मनापासून रुचली.

पण आरंभींच फजिती झाली. आम्हीं घाईनें आणलेला ट्यूनर जमिनीवरील मनोऱ्याच्या लहरी घेणारा निघाला. दूरदर्शनचें तसलें डिजिटल प्रक्षेपण २०१६ सालीं सोळा शहरांत सुरू झालें; त्यांत मुंबई आहे, तेव्हांचें औरंगाबाद आहे, वाशीम नाहीं. जुनीं ॲनालॉग केंद्रें तर २०२२ पर्यंत बहुतेक बंदच झालीं. सात दिवस आम्ही रिकाम्या आकाशाची आराधना करीत होतों!

मग डिशला जोडावयाचा ट्यूनर आणला. २००४ सालीं सुरू झालेल्या ‘डीडी फ्री डिश’ला मासिक वर्गणी नाहीं. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. वाशीम ७७ अंशांजवळ. म्हणून येथून तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारें ६० अंश वर येतो. गच्चीवर डिश त्या रोखानें बसविली.

तरीही चित्र येईना. संगणकास ट्यूनर ओळखूं येत होता, पण तो जागा होत नव्हता. ‘डीमेसेज’ या आज्ञेनें संगणकाची दैनंदिनी उघडली, तों दोष लेखी सांपडला: ट्यूनरची फर्मवेअर फाइल जागेवर नाहीं. ही फाइल मात्र कारखानदाराची, बंदिस्त; तिच्यांत काय आहे तें कोणासही वाचतां येत नाहीं. मोकळ्या वाड्यांत एक कुलूपबंद खोली असावी, तसा हा प्रकार आम्हांस खटकला. पण वहिनींच्या बातम्यांपुढें तत्त्व किती ताणावें? पुतण्यानें फाइल ‘फर्मवेअर’च्या कप्प्यांत ठेवली, संगणक पुन्हां सुरू केला, ‘कॅफीन’ नांवाच्या कार्यक्रमांत वाहिन्यांचा शोध लावला, आणि ‘सह्याद्री’ अवतरली.

आतां बातम्या रोज वेळेवर आपोआप मुद्रित होतात. काल सकाळीं चहा घेतां घेतां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ती कालची शिळी बातमी लावा पाहूं.”